दोन केबिन, चार नावं

ऑफिसात तिला सगळे डेकताई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. पर्यटन कंपनीच्या त्या ऑफिसात, काचेच्या दाराजवळच्या पहिल्या टेबलावर बसून अठरा वर्षं ती समुद्रसफरीला निघालेल्या लोकांना जहाजावरच्या केबिन निवडून देत होती. कुठल्या डेकवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यावर, कुठल्या केबिनच्या डोक्यावर पोहण्याचा तलाव येतो, कुठल्या भिंतीपलीकडे लिफ्ट दिवसभर खडखडते, कुठली खिडकी नावाला खिडकी पण बाहेर बघावं तर समोर लाइफबोटीचं बूड, हे सगळं तिला तोंडपाठ. गिऱ्हाइकाने जहाजाचं नाव घ्यायचा अवकाश, ही नकाशा न उघडता केबिनचे नंबर सांगायची.

आणि अशा या बाईने स्वतः कधी जहाजावर पाऊल ठेवलेलं नव्हतं.

साहेबांना ते माहीत होतं, घरच्यांनाही माहीत होतं. गिऱ्हाइकांना मात्र ती बेधडक सांगायची, "अहो, आम्हीसुद्धा असंच घेतो." विशेषतः वयात आलेली मुलं घेऊन जाणाऱ्यांना. त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. मुलांना आपल्याबरोबर झोपायचं नसतं, आणि एकवीस वर्षांखालच्या मुलांच्या नावावर वेगळी केबिन मिळत नाही. प्रत्येक केबिनमध्ये एक तरी मोठं माणूस लागतं. त्यावर तिची युक्ती ठरलेली. "कागदावर आई एका केबिनमध्ये, बाबा दुसऱ्या केबिनमध्ये. मुलं एकेक वाटून टाकायची. जहाजावर चढलात की किल्ल्यांची अदलाबदल. तुम्ही दोघं बाल्कनीत, मुलं समोरच्या आतल्या केबिनमध्ये. बिनधास्त राहा!" लोक खूश होऊन जायचे.

ती स्वतः बिनधास्त कधीच नव्हती. तिला भय होतं ते पाण्याचं नव्हे, माणसं नजरेआड होण्याचं. तिचं लहानपण एका खोलीत गेलं होतं. आईबाप आणि चार भावंडं ओळीने झोपत आणि हात लांबवला की कुणाचा तरी खांदा लागे. लग्नानंतर घर मोठं झालं, खोल्या वाढल्या, तशी तिची धाकधूकही वाढली. मोठी मुलगी आता सतरा वर्षांची होती, धाकटा तेरा. दोघांपैकी कुणी दहा मिनिटं उशिरा आलं की ही उठून मोरीशी जायची. भांडी घासत बसायची. घासलेलीच पुन्हा घासायची.

त्यात सहा वर्षांपूर्वीची ती गोष्ट घडली होती. तिनेच केबिन काढून दिलेल्या एका कुटुंबातल्या आईचा जहाजावरून फोन आला होता. मुलगा सापडत नव्हता. "तुम्हीच म्हणालात ना, बिनधास्त वेगळं ठेवा म्हणून," एवढंच ती बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती. तब्बल चार तासांनी मुलगा दुसऱ्या एका पोराच्या केबिनमध्ये गाढ झोपलेला सापडला. त्या बाईने नंतर फोन करून माफीसुद्धा मागितली. पण ते चार तास डेकताईच्या अंगात जे शिरले ते शिरलेच. ती युक्ती सांगायचं मात्र तिने थांबवलं नाही. धंदा होता तो.

आणि मग एका सोमवारी साहेबांनी तिला आत बोलावलं.

"डेकताई, जहाज कंपनीने आपल्याला दोन केबिनचं बक्षीस दिलंय. सहा दिवसांची सफर. मी ठरवलंय, तुम्हीच जायचं. सहकुटुंब. पुढच्या शुक्रवारपर्यंत केबिन नक्की करून कळवा."

"मी? साहेब, इथलं काम कोण बघणार?"

"काम कुठं पळून जातंय? अठरा वर्षं लोकांना पाठवताय, एकदा स्वतः जाऊन तर बघा."

घरी ही बातमी कळली तेव्हा धाकट्याने सोफ्यावरून उडी मारली आणि मोठीने कित्येक महिन्यांनी कानातले इअरफोन स्वतःहून काढले. नवरा चष्मेवाला, घराखालीच त्याचं दुकान. तो शांतपणे म्हणाला, "मग काय, केबिन तर तू दोन मिनिटांत निवडशील."

दोन मिनिटं कसली? दहा दिवस लागले.

जेवणाच्या टेबलावर जहाजाचा नकाशा पसरला. तीन पर्याय होते. पहिला, चौघांची एकच केबिन घ्यायची आणि दुसरी सोडून द्यायची. तशी एकच शिल्लक होती, जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, जिथे लाट आधी आपटते. दुसरा पर्याय मधल्या दाराने जोडलेल्या दोन केबिनचा. पण त्या होत्या पार मागे, इंजिनाच्या डोक्यावर, आणि दोन्हींना, म्हणजे मुलांच्या केबिनलाही, बाल्कनी. तिसरा पर्याय आठव्या डेकवर जहाजाच्या बरोबर मधोमध होता: एक बाल्कनीची केबिन आणि कॉरिडॉर ओलांडून समोर एक बिनखिडकीची. हलणं कमी, आवाज कमी, जिना जवळ. दुसऱ्या कुणालाही तिने डोळे झाकून हीच जोडी दिली असती.

नवऱ्याने दुकानातल्या सवयीने दोन कागद आळीपाळीने तिच्या डोळ्यांसमोर धरले. "हे बघ. हे स्पष्ट दिसतंय की हे? पहिलं... की दुसरं?"

"चेष्टा नको हो."

"आई, मी सतरा वर्षांची आहे," मोठी म्हणाली. "बाबांचं घोरणं ऐकत मी सहा दिवस काढणार नाही. चौघं एका केबिनमध्ये असू तर मी येतच नाही. तुम्ही जा."

"मला छतातून खाली येणारा बिछाना हवा होता," धाकटा कुरकुरला. मग त्याला कळलं की समोरची केबिन फक्त त्या दोघांची असेल. त्यासरशी त्याचं मत फिरलं. "नको तो बिछाना. आई, वेगळीच घे ना. प्लीज."

"बघू," ती म्हणाली आणि नकाशाची घडी घातली.

त्या दहा दिवसांत तिने जहाज कंपनीला पाच वेळा फोन केला. केबिनचं दार आपोआप बंद होतं का? आतून कडी लावली तर बाहेरून उघडता येतं का? बाल्कनीचा कठडा किती उंच? कॉरिडॉरची रुंदी किती? फोनवरचा माणूस वैतागून म्हणाला, "मॅडम, अठरा वर्षांत तुम्ही हे कधी विचारलं नव्हतं." हिच्या कानशिलांपर्यंत आग झाली. खरंच, तिने कधीच विचारलं नव्हतं.

कॉरिडॉर निघाला सव्वा मीटरचा. ऑफिसच्या बोळात तिने टेपने सव्वा मीटर मोजून जमिनीवर खडूने दोन रेघा ओढल्या आणि त्यांच्या मधे उभी राहिली. शेजारच्या टेबलावरची विमानतिकीटवाली म्हणाली, "काय डेकताई, पडदे शिवायला टाकताय का?"

"नाही गं, बघतेय, दोन दारांमध्ये किती अंतर पडतं ते."

"एवढंसं तर आहे. हात पुढे केला की समोरचं दार."

तसंच तर होतं. तरी तिने टेप ताणून पुन्हा एकदा मोजलं.

शुक्रवारी दुपारी साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले तेव्हा कुठे तिने फॉर्म भरायला घेतला. आठव्या डेकवरची, मधली जोडी. नावांच्या रकान्यात मात्र पेन अडखळलं. कागदावर वाटणी करावी लागणार होती. बाल्कनीच्या केबिनमध्ये तिने आपलं नाव घातलं आणि खाली मोठीचं. आतल्या केबिनमध्ये नवऱ्याचं आणि धाकट्याचं. शेकडो कुटुंबांची नावं तिने अशी फाडून वाटली होती. आपली चार नावं लिहिताना पहिल्यांदाच जाणवलं की आपण कागदावर खोटं लिहितोय.

जहाजावर चढल्यावर किल्ल्यांची अदलाबदल झाली. मुलं समोरच्या केबिनमध्ये शिरली आणि दार धाडकन बंद झालं. आतून हसण्याचा आवाज आला. ही बाहेर उभी.

"चल आता," नवरा म्हणाला. "समुद्र बाल्कनीतून दिसतो, मुलांच्या दारातून नाही."

दुपारी धोक्याच्या वेळची तालीम झाली. सात आखूड भोंगे आणि एक लांब वाजला की प्रत्येकाने आपापल्या केबिनला ठरवून दिलेल्या जागी जमायचं. ती जागा किल्लीच्या कार्डावर छापलेली होती, आणि कार्ड पाहिल्यावर डेकताईच्या तोंडचं पाणी पळालं. कॉरिडॉरच्या एका बाजूच्या केबिनना पाचव्या डेकवरचं जेवणघर होतं. दुसऱ्या बाजूच्या केबिनना जहाजाच्या पार पुढचं नाटकगृह.

म्हणजे ती आणि मोठी एकीकडे, नवरा आणि धाकटा दुसरीकडे. आणि झोपायला दोन्ही मुलं एका केबिनमध्ये.

"हे मला ठाऊक नव्हतं," ती नवऱ्याला म्हणाली. "अठरा वर्षं झाली, आणि मला हे ठाऊक नव्हतं."

"अगं, तालीम आहे. अर्ध्या तासाचं काम."

तालीम झाली. ती मोठीचं मनगट धरून जेवणघरात उभी राहिली. "आई, दुखतंय," मोठी दोनदा म्हणाली तेव्हा तिने हात सोडला. संध्याकाळी ती चौकशीच्या खिडकीवर गेली. नावं बदलून मिळतील का? खिडकीवरचा तरुण हसून म्हणाला, "मुलांच्या केबिनमध्ये मोठं माणूस लागतं, मॅडम. ज्यांनी बुकिंग केलं त्यांनी सांगितलं नाही का?"

"सांगितलं," ती म्हणाली आणि परत फिरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती सातव्या डेकवर खिडकीशी बसली होती. मांडीवर मासिक होतं, पण त्यातली एक ओळ डोक्यात शिरत नव्हती. नवरा कॉफी आणायला गेला होता. धाकटा बाराव्या डेकवर खेळायच्या खोलीत, मोठी आपल्या केबिनमध्ये केस धूत होती. निदान तासाभरापूर्वी तरी धूत होती.

भोंगा वाजला. तिने मोजलं. सात आखूड. एक लांब.

क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग कर्ण्यातून शांत आवाजात घोषणा झाली: ही तालीम नाही, तिसऱ्या डेकवर धूर आढळला आहे, सर्वांनी आपापल्या जागी जावं. एक म्हातारा खुर्चीतून उठता उठता बसला. कुणाच्या तरी हातातला कप फुटला.

तिने जायला हवं होतं पाचव्या डेकवर, खाली. ती धावली वर. जिन्यावर माणसांचा लोंढा खाली येत होता आणि ही कठड्याला चिकटून एकेक पायरी चढत होती. "खाली, मॅडम, खाली!" पिवळं जाकीट घातलेला एक कर्मचारी ओरडला. तिने ऐकलं नाही. आठव्या डेकचा कॉरिडॉर रिकामा होता आणि संपतच नव्हता. सगळी दारं सारखी. कागदावर हा कॉरिडॉर ती इतक्या वेळा बोटाने चालून गेली होती की डोळे बांधून चालली असती. आता मात्र नंबर उलटे जातायत की सुलटे तेच कळेना. लांबून कुठून तरी जळक्या कापडाचा वास येत होता.

मुलांच्या केबिनची जास्तीची किल्ली तिच्या गळ्यात होती. घाईत कार्ड तीनदा उलटं लागलं. चौथ्यांदा दार उघडलं.

आत कुणी नव्हतं. न्हाणीघरातला दिवा चालू होता, नळ ठिबकत होता, जमिनीवर ओला टॉवेल पडला होता. कपाटाचं दार सताड उघडं. आत दोन लाइफ जॅकेटं असायला हवी होती. एकच होतं.

मुलं दोन आणि एक जॅकेट गेलेलं. ती त्या कपाटाकडे बघत उभी राहिली. कोणी नेलं? एकानेच नेलं, तर दुसरं कुठे आहे? ती बिछान्याच्या कडेवर बसली. बसून चालणार नाही हे कळत होतं, पण उठता येत नव्हतं.

पिवळ्या जाकिटातला तो कर्मचारी दारात आला. त्याने तिला दंडाला धरून उठवलं. "इथे कुणी नाही. मी सगळ्या केबिन बघत आलोय. तुमची माणसं जागेवर गेली असतील. तुम्ही गेला नाहीत तर तुम्हाला शोधायला आम्हाला माणूस पाठवावा लागेल. चला."

शोधायला माणूस पाठवावा लागेल, या एका वाक्याने ती हलली.

जेवणघरात दोन-अडीचशे माणसं होती, पण कुणी आरडाओरडा करत नव्हतं. हातात यादी घेतलेली एक कर्मचारी बाई केबिनचे नंबर पुकारत होती. तिचा नंबर आला.

"आठशे चव्वेचाळीस. दोन जण."

"एक," ती म्हणाली.

बाईने मान वर केली. "दुसरी व्यक्ती?"

"माझी मुलगी. सतरा वर्षांची. ती... ती त्या केबिनमध्ये नसते. समोरच्या केबिनमध्ये असते. भावाबरोबर. कागदावर फक्त माझ्याबरोबर आहे. मीच लिहिलंय तसं." शब्द एकावर एक पडत होते. "केबिन मी बघून आले. तिथे नाहीये ती."

बाईने कपाळाला आठीसुद्धा घातली नाही. नंबरापुढे लाल खूण केली आणि वायरलेस तोंडाशी नेला. "आठशे चव्वेचाळीस, एक कमी. मुलगी, सतरा." ते "एक कमी" डेकताईने ऐकलं, आणि तिला सहा वर्षांपूर्वीची फोनवरची ती आई आठवली. त्या बाईला आपण काय म्हणालो होतो? "घाबरू नका, असेल तिथेच कुठेतरी." तेव्हा आपल्याला ते बोलवलं तरी कसं?

वायरलेसवर खरखर झाली. थांबली. पुन्हा झाली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. नंतर नवरा म्हणाला, सहा-सात मिनिटंच असतील. मग पलीकडून कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि त्या बाईने वायरलेस तिच्या कानाशी धरला.

"आई?" मोठीचा आवाज. चिरका, लहानपणी तापात यायचा तसा. "आई, तू कुठे होतीस? आम्ही कधीचे तुझ्याबद्दल विचारतोय. ते म्हणत होते, तू तिकडे आलीच नाहीयेस."

यादीवाल्या बाईनेच उत्तर दिलं, "आई इथे आहे. ठीक आहे." मग यादीतली लाल खूण खोडली.

धूर कपडे धुण्याच्या खोलीतला होता. एका वाळवणाच्या यंत्राने पेट घेतला होता. पाऊण तासात आग विझली, कुणाला इजा झाली नाही. सगळं ठीक असल्याचा भोंगा वाजल्यावर चौघं जिन्याच्या मधल्या टप्प्यावर भेटले. धाकट्याच्या अंगात ताईचं लाइफ जॅकेट होतं, ढगळ, हनुवटीपर्यंत चढलेलं. मोठीचे केस अजून ओले होते आणि पायांत चपला नव्हत्या.

ती केबिनमधून एक जॅकेट उचलून सरळ बाराव्या डेकवर धावली होती. "दोन घेऊन धावता येत नव्हतं," ती सांगत होती. "म्हणून एकच घेतलं. म्हटलं, याला घालू." नाटकगृहात तिला दुसरं मिळालं. बाबा तिथे आधीच पोचले होते, हातात कॉफीचे दोन रिकामे पेले घेऊन. ते कुठे ठेवायचे हे त्यांना सुचलंच नव्हतं.

"तू जेवणघरात का नाही आलीस?" डेकताईने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं.

मोठी भडकली. "आणि याला काय सोडून येऊ? कार्डावर तुझ्याबरोबर लिहिलंय म्हणून? हा तिथे एकटा होता, आई! आणि तू म्हणतेस का नाही आलीस!" आणि मग जिन्यात सगळ्यांदेखत ती रडायला लागली. धाकटाही रडायला लागला, जरा उशिरा, ताईकडे बघून.

डेकताई त्यांच्यासमोर पायरीवर बसली. "नाही," ती म्हणाली. "तू बरोबर केलंस. चूक माझी आहे. मी इतकी घाबरले होते की मला उभं राहता येत नव्हतं."

मोठीने नाक पुसलं. "तू? तू कधी घाबरतेस? तू तर नुसती भांडी घासतेस."

नवऱ्याला हसू आलं, आणि त्याच्या हसण्याने धाकट्याला.

उरलेले दिवस त्यांनी कागदावर लिहिलं होतं तसे काढले. ती आणि मोठी बाल्कनीच्या केबिनमध्ये, नवरा आणि धाकटा समोर. मोठीने एका शब्दाने तक्रार केली नाही. दिवे मालवल्यावर ती हळूच विचारायची, "आई, जागी आहेस?" ही म्हणायची, "हो." एवढंच. मग दोघी समुद्राचा आवाज ऐकत पडून राहायच्या. भीती गेली नव्हती, पण आता ती दोघींत वाटली गेली होती.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक जोडपं ऑफिसात आलं. मुलं पंधरा आणि अठरा वर्षांची. त्यांना ती युक्ती कुणीतरी सांगितलेली होती. फक्त नावं वाटून हवी होती. डेकताईने दोन्ही केबिनच्या जमण्याच्या जागा आधी तपासल्या आणि नकाशावर बोट ठेवून दाखवल्या. "भोंगा वाजला तर मुलं इथून कुठे जातील, हे तुम्ही आणि ती, चौघांनी मिळून ठरवा. मग मी नावं लिहिते."

"तुम्ही लोकांना घाबरवता का हो?" नवरोबा तिरसटपणे म्हणाले आणि जोडपं उठून गेलं. साहेबांनी काचेआडून ते बघितलं. संध्याकाळी त्यांनी विषय काढला आणि तिने सगळं सांगितलं. "बरं," साहेब म्हणाले, "पण जरा गोड बोलत जा."

"आम्हीसुद्धा असंच घेतो" हे वाक्य तिने त्यानंतर वापरलं नाही.

पुढच्या वर्षी मोठी शिकायला दुसऱ्या शहरात गेली. तिला सोडायला डेकताई वसतिगृहात गेली. चौथ्या मजल्यावरची छोटी खोली, एक खाट, एक टेबल. सामान लावून झालं. निघायची वेळ झाली तेव्हा डेकताई व्यवस्थापक बाईंना विचारू लागली: मागचा जिना कुठे, त्याचं दार कुलूपबंद तर नसतं, आग लागली तर मुली कुठे जमतात. शेजारच्या खोलीतल्या दोन मुली खुसखुसल्या. मोठीचे कान लाल झाले.

"आई, पुरे ना," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"बरं, पुरे," डेकताई म्हणाली आणि पिशवी उचलून पुढच्या जिन्याकडे वळली.

"तिकडून नको," मोठी म्हणाली. "मागच्या जिन्याने जाऊ. तोही बघून ठेवते."

दोघी हात धरून मागच्या जिन्याने खाली उतरल्या. जिना अरुंद होता, दार उघडं होतं. खाली अंगणात मोठीने आईचा हात सोडला, आणि डेकताईने तिला सोडू दिला.